किनाऱ्यावरच्या गावाचं सांडपाणी : गटार, प्लांट की माडाचं आळं?

सड्यावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातलं किनाऱ्यालगतचं आमचं गाव, वस्ती चौदाशेच्या आसपास. येत्या ग्रामसभेत सांडपाण्याचा विषय येतोय. एका ठेकेदाराने पंचायतीपुढे आराखडा ठेवला आहे : सगळ्या वाड्यांतून बंदिस्त गटार, खाली बंदराजवळ टाकी, त्यात हवा सोडणारे ब्लोअर आणि शुद्ध झालेलं पाणी खाडीत. नकाशा बघून बरेच जण खूश आहेत. मला मात्र हे आमच्या गावासाठी चुकीचं वाटतं. का, ते इथे सविस्तर लिहितो. ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी कृपया बोलावं, विरोधात असलं तरी चालेल.

आधी गावाची ठेवण सांगतो. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एक वाडी, मध्ये उतारावर माडापोफळीत विखुरलेली देऊळवाडी आणि खाली वाळूवर बंदरवाडी, जिथे भिंतीला भिंत लागून घरं. पूर्वी पाणी रहाटाने नाहीतर कळशीने यायचं, त्यामुळे सांडपाणीही बेताचंच. न्हाणीचं पाणी पाटाने केळीत, अळवात, तिथून माडाला. मग नळ आले. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं तेव्हापासून माणशी रोज ५५ लिटरचा हिशेब धरतात. त्यातलं साधारण ८० टक्के पाणी वापरून बाहेर पडतं असं धरायची पद्धत आहे. म्हणजे माणशी ४४ लिटर. चौदाशे माणसांचं रोजचं साठ हजार लिटरच्या वर सांडपाणी. नळ आणताना हे पाणी पुढे कुठे जाणार, हे कोणी विचारलं नाही.

पण माझी खरी काळजी गटाराच्या वासाची नाही, विहिरींची आहे. आपला जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड. गेल्या उन्हाळ्यात देऊळवाडीत एका घराच्या पायासाठी चर खणत होते, तो बघायला मी उतरलो होतो. चराच्या भिंतीत बोटभर रुंदीचं एक भोक होतं, त्यातून राखाडी पाणी थेंबाथेंबाने येत होतं, साबणाचा वास स्पष्ट. वीतभर बाजूचं भोक ठणठणीत कोरडं. चराच्या वरच्या अंगाला शेजाऱ्यांचा शोषखड्डा, खालच्या अंगाला त्यांचीच विहीर. मातीतून पाणी गाळून जातं असं आपण म्हणतो, पण इथे माती आहेच कुठे? पाणी नळीतून गेल्यासारखं जातं.

आणि शौचालयाच्या टाक्या. २०१६ मध्ये देशातल्या मैदानी भागातला सर्वांत स्वच्छ जिल्हा म्हणून सिंधुदुर्गाची निवड झाली, त्याचा सगळ्यांना अभिमान आहे, मलाही आहे. घरोघरी शौचालय झालं हे खरंच. पण त्याखाली काय आहे? बहुतेक ठिकाणी चिऱ्याची चौकोनी खोदाई, तळ तसाच, आतून गिलावा नाही. टाकी कधी भरत नाही म्हणून लोक समाधानी असतात. ती भरत नाही, कारण ती गळते.

म्हणून माझं म्हणणं असं : शौचालयाचं पाणी वेगळं ठेवा आणि त्याची टाकी गळणार नाही अशी करा. न्हाणीचं, मोरीचं पाणी ज्याच्या वाडीत जागा आहे त्याने झाडालाच द्यावं. जिथे जागाच नाही, म्हणजे बंदरवाडीत, तिथेच सामाईक व्यवस्थेवर पैसा खर्च करावा. अख्ख्या गावाला एका पाइपात बांधू नये.

निवृत्त ओव्हरसियर

चांगला धागा. बांधकामात आयुष्य गेलं, त्यातून दोन गोष्टी सांगतो.

कोकणात गटार म्हटलं की पहिला प्रश्न पावसाचा. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. १०० चौरस मीटरच्या छपरावर हंगामात ३ लाख लिटर पाणी पडतं. पाच माणसांच्या घराचं चार महिन्यांचं सांडपाणी तुमच्याच हिशेबाने साधारण २६ हजार लिटर. म्हणजे छपराचं पाणी दहापटीहून जास्त. बंदिस्त गटार म्हणून जे बांधतील त्यात चेंबरच्या झाकणांतून, सांध्यांतून, लोकांनी गुपचूप जोडलेल्या पन्हळींतून हे पाणी शिरणारच. टाकीत जुलैमध्ये येईल ते सांडपाणी नसेल, पूर असेल, आणि तो टाकीतला सगळा गाळ घेऊन खाडीत जाईल.

दुसरी गोष्ट विजेची. ब्लोअरवर चालणाऱ्या टाकीत काम करतात ते जिवाणू, त्यांना सतत हवा लागते. एखादा दिवस वीज गेली की ते गुदमरायला लागतात आणि टाकी नासते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आपल्याकडे काय झालं ते आठवा. जनरेटर ठेवा म्हणतील, पण डिझेल कोण भरणार? घरपट्टी आणि पाणीपट्टीवर चालणारी पंचायत महिन्याचं वीजबिल आणि ऑपरेटरचा पगार किती वर्षं देईल? बांधायला निधी मिळतो, चालवायला मिळत नाही.

चाकरमानी डोंबिवली

मी जरा वेगळं बोलणार. शहरात गटार, प्लांट आणि गावाला मात्र केळीचं आळं, हे मला पटत नाही. गावचा माणूस कमी दर्जाच्या सोयीवर का समाधान मानेल? आमच्या आईच्या घराशेजारी आता होमस्टे झालाय. मे महिन्यात आणि नाताळात तिथे रोज माणसं. त्यांचं पाणी थेट पऱ्ह्यात (ओढ्यात) जातं आणि तो पऱ्ह्या आमच्या कुळागराच्या (बागेच्या) कडेने वाहतो. त्या मालकाला आळं करा म्हणून सांगितलं तर तो करेल का? सक्तीची व्यवस्था असली की सगळे एका नियमात येतात. आराखडा चुकीचा असेल तर तो सुधारून घ्या, पण मोठं काही करायचंच नाही असं ठरवू नका.

सड्यावरचा

दादा, तुमची कळकळ समजते. होमस्टेच्या बाबतीत नियम हवा हे शंभर टक्के मान्य. पण दर्जा कशाला म्हणायचं? विहिरीचं पाणी निर्धास्त पिता येणं हा दर्जा.

पैशाचंही सांगतो. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद ठेवली होती. चौदाशे माणसांचे ३ लाख ९२ हजार. ठेकेदाराचा आकडा याच्या कितीतरी पट आहे. वरचे पैसे वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांनाच वापरायच्या, निधीतून टाकायचे म्हटले तर त्याच निधीतून पाणीयोजनेची दुरुस्तीही बघायची असते. ३ लाख ९२ हजारांत उताराची पाइपलाइनसुद्धा होणार नाही. पण घरोघरचे शोषखड्डे नीट करणं आणि बंदरवाडीपुरतं एक काम यात सुरू होऊ शकतं. शोषखड्डे रोजगार हमीतही बसत आले आहेत.

शिवारातला

आमच्या मराठवाड्यात नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून गटारं बंद केली, डास गेले. जादुई खड्डा म्हणतात त्याला. तुम्ही का करत नाही? सोपा उपाय आहे.

निवृत्त ओव्हरसियर

टेंभुर्णीचं काम नावाजण्यासारखंच आहे. पण तिथला पाऊस वेगळा, खडक वेगळा. तिकडे खड्ड्यातलं पाणी सावकाश मुरतं, वाटेत गाळलं जातं. आमच्याकडे जांभ्यात ते धावतं आणि किनाऱ्याच्या वाळूत तर भूजलच हातभर खाली असतं. तिथे खड्डा म्हणजे विहिरीत पाणी ओतायचा सरळ रस्ता. शोषखड्डा करायचा तर उथळ, वर मातीचा चांगला थर असेल तिथेच, आणि विहिरीच्या खालच्या अंगाला. मानकांत मुरवणीची जागा विहिरीपासून १८ मीटर दूर ठेवायला सांगितली आहे. जांभ्यात मी तेवढ्यावरही विसंबणार नाही, पाणी कुठल्या बाजूने वाहतं ते आधी बघेन. शंका असेल तर खड्ड्यात फ्लुरोसीनसारखा रंग टाकून विहिरीत उतरतो का ते बघता येतं. भूजल सर्वेक्षणवाल्यांना विचारा, त्यांना पद्धत माहीत आहे.

गाबीतवाडा

सगळा वाचलंय. पण आमच्या बंदरात माड खंय लावतलास? दोन घरांच्या मधी माणूस आडवो होऊन जाता. आमच्या न्हाणीचा पाणी सरळ वाळूत जाता. भरतीक खड्डो खालून भरता, पावसात तर इचारूच नको. बावीचा पाणी आता कोण पियणा नाय, कपड्यांक वापरतत. वरच्यांनी आळी करा, बरां आसा, पण आमका काय तां सांगा.

आरोग्यसेविका सिंधुदुर्ग

गाबीतवाडा दादांच्या म्हणण्यावरून लिहायला बसले. ग्रामसभेत जाण्याआधी विहिरी तपासून घ्या, आकडे हातात असले की वाद कमी होतो.

सगळ्यात सोपी एच२एसची बाटली. छोटी काचेची बाटली, तळाशी पांढरट पट्टी किंवा पावडर. खुणेपर्यंत विहिरीचं पाणी भरायचं, बूच घट्ट लावायचं, उबदार जागी कपड्यात गुंडाळून ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर ते पाणी पिण्याजोगं नाही. मी या बाटल्या कट्ट्यावर ओळीने मांडून ठेवते. वरच्या वाडीच्या बऱ्याच स्वच्छ राहतात आणि खाली येईल तशा काळ्या होत जातात, आणि हे बघायला बायका आपणहून येतात. कागदावरचा अहवाल कोणी वाचत नाही, काळी बाटली सगळ्यांना कळते.

ही प्राथमिक चाचणी झाली. नक्की निदानासाठी नमुना प्रयोगशाळेत द्या. पिण्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय (मैल्यातला जिवाणू) एकही चालत नाही. नायट्रेटही बघा, मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. टीसीएलने (ब्लीचिंग पावडरने) जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं, म्हणून नायट्रेट वाढलेलं दिसलं तर मैला किंवा शेणखत कुठून तरी झिरपतंय का हे शोधायला हवं. पावसाळ्याआधी आणि नंतर पंचायतीच्या स्रोतांचं सर्वेक्षण होतं आणि लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. तुमच्या गावाचं कोणतं आहे ते ग्रामसभेत मोठ्याने विचारा. आणि नमुना पहिल्या मोठ्या पावसानंतर जरूर घ्या. वर्षभर खड्ड्यांत साठलेलं तेव्हा एकदम विहिरीत उतरतं, आणि गॅस्ट्रोचे, काविळीचे पेशंटही त्याच सुमाराला यायला लागतात.

माडाबनातली

मी बचत गटातल्या बायकांबरोबर खानावळ चालवते आणि घरी पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. होमस्टेवाल्यांची बाजूही यावी म्हणून लिहिते.

न्हाणीचं पाणी आमच्याकडे आधीपासून माडाला जातं. अडचण होती खानावळीच्या मोरीची. बांगडा तळलेलं तेल, खोबऱ्याचा चोथा, भाताची पेज. हे पाणी आळ्यात सोडलं की महिन्याभरात माती चिकट होते, पाणी वर साचतं, घाण वास येतो. त्यावर आम्ही तेलाचा सापळा केला. मोरीच्या बाहेर झाकणाची छोटी टाकी, मध्ये आडोशाला उभी फरशी अशी की पाणी खालून पलीकडे जातं आणि तेल वर अडकतं. आत शिरतानाच बारीक जाळी, तिच्यात शितं आणि काटे राहतात. जाळी रोज झाडायची, वरचा तेलाचा थर दर आठवड्याला काढायचा. थंडीच्या सकाळी तो थर साईसारखा घट्ट होतो, झाऱ्याने उचलता येतो. तो कागदात गुंडाळून वाळवतो आणि बंबाखाली जातो.

पुढचं पाणी तीन माडांना आळीपाळीने. एकालाच रोज दिलं तर मुळं कुजतात. पाणी साठवून ठेवायचं नाही, दुसऱ्या दिवशी त्याला वास येतोच. कपड्यांचं साबणाचं पाणी माडाला चालतं, केळीला बेताने. कोथिंबीर, मुळा असं कच्चं खायचं काही या पाण्यावर लावू नका. मे महिन्यात विहीर तळाला जाते तेव्हा आमचे माड या पाण्यावरच हिरवे असतात, हे लोकांनी येऊन बघावं.

नियम करा, पण सोबत असा सापळा कसा बांधायचा तेही दाखवा. निवास-न्याहारीची नोंदणी असलेल्यांना पंचायतीने ना हरकत दाखला देताना ही अट घातली तर बहुतेक जण पाळतील, कारण वास आला तर पर्यटक परत येत नाही.

खाडीपलीकडे

टाक्या पक्क्या करा हे सगळे सांगतायत, पण त्यापुढचं कोणी बोललं नाही. न गळणारी टाकी भरते. दोन-तीन वर्षांनी ती उपसावीच लागते, नाहीतर गाळ पुढे जातो. मग कोण उतरतं आत?

आमच्या भागात अजून कोणीतरी उतरतं. त्याला आदल्या रात्री दारू पाजून उतरवतात, हे मी लहानपणापासून बघतोय. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो, एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवायला बंदी आहे. गावाच्या ठरावात हे वाक्य पहिलं हवं : उपसा फक्त गाडीने.

गाडी आली तर ती मैला कुठे टाकते ते विचारा. सड्यावरच्या एखाद्या घळीत ओतून निघून जात असेल तर आपण आपला मैला फक्त वरच्या गावाच्या विहिरीत पाठवला. वाई आणि सिन्नरसारख्या लहान शहरांनी ठरावीक वर्षांनी प्रत्येक टाकी उपसायची आणि मैल्यावर प्रक्रिया करायची पद्धत बसवली आहे. एका गावाला हे जमणार नाही, पण चार-पाच पंचायती आणि तालुक्याची नगरपंचायत एकत्र आल्या तर जमेल.

निवृत्त ओव्हरसियर

खाडीपलीकडे यांचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. टाकीबद्दल थोडं. दोन कप्पे, पहिला मोठा, दुसरा त्याच्या निम्मा. पाणी आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या तोंडाला टी पाइप, वर वायूचा पाइप. तळ काँक्रीटचा, आतून गिलावा आणि वॉटरप्रूफिंग. गाडीचा पाइप आत जाईल असं झाकण दोन्ही कप्प्यांवर, फरशीखाली गाडलेलं नको. इतकं करूनही सेप्टिक टाकी बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण, फार तर ३० ते ५० टक्के कमी करते. जंतू तसेच बाहेर येतात. त्यामुळे टाकीनंतरचं पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. बंदरवाडीत लोक प्लास्टिकच्या तयार टाक्या बसवतायत, त्यांच्यासाठी : भर पावसात ती टाकी पूर्ण उपसू नका. भूजल वर आलेलं असतं, रिकामी टाकी खालून उचलली जाते आणि पाइप तुटतात.

आता गाबीतवाडा यांच्या प्रश्नाचं उत्तर. जिथे घरांना परसूच नाही तिथे सामाईक व्यवस्था हवी आणि ती वीज न लागणारी. सगळ्या घरांचं पाणी लहान व्यासाच्या पाइपने आधी निवळणीच्या बंद टाकीत, तिथून आडोशाच्या कप्प्यांच्या टाकीत, जिथे पाणी खाली-वर होत पुढे सरकतं आणि गाळातले जिवाणू त्यातली घाण खातात. मग खडीचा वाफा. साधारण ६० सेंटिमीटर खोल, तळाला आणि कडेला अस्तर, आत धुतलेली खडी, वर कर्दळ किंवा पाणकणीस. पाणी खडीच्या वरच्या थराखालूनच वाहतं, उघडं कुठेच दिसत नाही, म्हणून डास होत नाहीत. नागपूरच्या नीरीचं फायटोरिड हे याच जातीचं तंत्र.

जागा ढोबळमानाने माणशी १ ते २ चौरस मीटर. वाडीत अडीचशे माणसं असतील तर अडीच ते पाच गुंठे. ती जागा मिळवणं हेच खरं अवघड काम. किनाऱ्यालगत असल्याने सीआरझेडची (किनारपट्टीच्या बांधकाम नियमांची) परवानगी आधी बघा. आणि मासे धुतलेलं खारं पाणी यात घेऊ नका, कर्दळ जळेल. जेटीवरचं पाणी वेगळं, त्याला खवल्यांची जाळी वेगळी. वाफ्याच्या कडा जमिनीच्या वर उचलून घ्या म्हणजे वाहतं पावसाचं पाणी आत येणार नाही. पाणी आत येतं त्या तोंडाकडची खडी काही वर्षांनी गाळाने बुजते, तेवढाच पट्टा काढून धुवायचा. कर्दळ वर्षातून एक-दोनदा छाटायची. याला इंजिनिअर लागत नाही, पण ठरलेला माणूस आणि त्याचं मानधन लागतं.

शेवटचं पाणी खाडीत सोडायचा हट्ट नको. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला बीओडीची मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे, शेतीला द्यायच्या पाण्याला १००. जवळच्या माडांना द्या.

गाबीतवाडा

ओव्हरसियर काका, ह्या बरां समाजला. आमच्या बंदरात जुन्या बर्फाच्या कारखान्यामागे जागा आसा, पण ती कोणाच्या नावार तां बगूक होया. खाडीत आमी कालवां आणि तिसऱ्ये काडतो. वरसून येणारा पाणी थंयच येता. म्हणान आमका ह्या कामाची घाई तुमच्यापेक्षा जास्त आसा.

चाकरमानी डोंबिवली

कालवांचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. ती पाणी गाळून खातात, पाण्यात असेल ते त्यांच्या अंगात येतं. मग ठेकेदाराची टाकी पावसात वाहिली तर पहिला फटका खाडीवर पोट असलेल्यांनाच.

बंदरवाडीसाठी सामाईक वाफा आणि वर घरोघरची व्यवस्था याला माझा पाठिंबा. एकच अट : होमस्टे, हॉटेलं आणि देवस्थानाचं भक्तनिवास यांना लेखी नियम आणि दंड. जे सोसलंय त्यावरून सांगतो, नुसत्या विनंतीवर हे होत नाही. आणि गावाच्या मुंबई मंडळाकडे दरवर्षी पूजेसाठी वर्गणी जमते. त्यातून विहिरींच्या तपासणीचा खर्च उचलावा असं मी मंडळाच्या बैठकीत मांडतो.

सड्यावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. इथल्या चर्चेवरून ग्रामसभेत ठेवायचा मसुदा करतोय. गावभरच्या गटाराचा ठराव तूर्त पुढे ढकलावा. त्याआधी आरोग्यसेविका ताईंनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक वाडीतल्या विहिरींची तपासणी, आणि निकाल पंचायतीच्या फळ्यावर विहिरीच्या नावानिशी. विहिरीच्या वरच्या अंगाला असलेल्या, तळ नसलेल्या टाक्या आधी दुरुस्त करायच्या, त्यांची यादी ग्रामसभेनेच करायची. बंदरवाडीच्या खडीच्या वाफ्यासाठी जागेचा शोध. माडाबनातली ताईंच्या तेलाच्या सापळ्यासारखा सापळा प्रत्येक खानावळीला बंधनकारक. आणि उपसा फक्त गाडीने, मैला कुठे नेला त्याची पावती पंचायतीत जमा, हे वाक्य पहिलं.

ताई, सापळ्याची लांबी-रुंदी आणि मधल्या फरशीखाली किती जागा सोडली ते कळवाल का? आमच्याकडचे गवंडी मोजमापाशिवाय हात लावत नाहीत. आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडात खडीचा वाफा दोन-तीन पावसाळे निघून व्यवस्थित चालू असेल अशी जागा कोणाला माहीत असेल तर इथे लिहा. सरपंच आणि बंदरवाडीतल्या चार जणांना घेऊन बघायला जायची तयारी आहे.

माडाबनातली

मोजून उद्या संध्याकाळी टाकते. फरशीखाली वीतभर जागा आहे एवढं आत्ता सांगते. टाकी फार लहान करू नका. गरम पाणी थंड व्हायला वेळ मिळाला पाहिजे, नाहीतर तेल पाण्याबरोबरच पुढे जातं.